विषय: आई-बाबांना घेऊन मोटरहोमनं अलास्का हायवे

नमस्कार मंडळी,

सध्या इंदूरला घरी आलोय. जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे कॅनडात एडमंटनला येतील. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, वय ७६. कॅनडातून अमेरिकेच्या अलास्कात जाणारा अलास्का हायवे एकदा डोळ्यांनी बघायचाय, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून मनात धरलंय. मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेऊन एडमंटनहून थेट अलास्कात डेल्टा जंक्शनपर्यंत जायचं आणि परतायचं, असा बेत आहे. रजा दोन आठवड्यांची. आम्ही चौघं आणि ते दोघं. आईचे गुडघे दुखतात, तिला अस्वलांपेक्षा बाथरूमची काळजी जास्त. इथे रामबागेत जो तो म्हणतो, या वयात त्यांना जंगलात कशाला नेतोस? घरच्या ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलंय का?

---

अरे, जरूर ने! आम्ही सासू-सासऱ्यांना नेलं होतं, आणि त्या प्रवासाइतके खूश मी त्यांना क्वचित पाहिले. बाथरूम गाडीतच असतं, त्यामुळे आईंसाठी मोटरहोमच बरी. काही कॅम्पग्राउंडवर अस्वलांमुळे तंबूला बंदी असते, तिथेही पक्क्या भिंतींची गाडी चालते.

पण बेत बदल. एडमंटन ते डॉसन क्रीक सुमारे ५९० किमी. हायवे तिथून सुरू होतो, आणि डेल्टा जंक्शन आणखी २,२०० किमीच्या पुढे. जाऊन-येऊन साडेपाच हजारांवर गेलं. म्हणजे चौदाही दिवस रोज चारशे किलोमीटर, मधे विश्रांतीचा एकही दिवस नाही. चालत्या गाडीत मागे पलंगावर आडवं व्हायचं नसतं, पट्टा बांधून बसावं लागतं. आईंचे गुडघे त्या बसण्यानंच आखडतील.

विमानानं याच हायवेवरचं व्हाइटहॉर्स (कॅनडाच्या युकॉन प्रदेशाची राजधानी) गाठा, गाडी तिथे घ्या. आधी पूर्वेला वॉटसन लेकवरून लियर्ड हॉट स्प्रिंग्सला जा. झाडीतून लाकडी फळ्यांची वाट थेट गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जाते. आईंना तिथे दोन दिवस राहू दे, घाई करू नकोस. त्या पट्ट्यात बायसन (रानगव्यांसारखे दांडगे प्राणी) थेट रस्त्यावर येऊन उभे राहतात, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी गाडी चालवू नका. जूनमध्ये व्हाइटहॉर्सला रात्री साडेअकराच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उजेड आहे म्हणून गाडी दामटायचा मोह होतो. तो आवरा.

मग पश्चिमेला क्लुएनी सरोवर. बाबांसाठी खरी जागा ती. १९४२ साली अमेरिकी लष्करानं हा रस्ता मार्चमध्ये सुरू करून ऑक्टोबरअखेर जोडला, त्याचं उद्घाटन २० नोव्हेंबरला याच सरोवराकाठी सोल्जर्स समिटला झालं. बांधणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांश सैनिक कृष्णवर्णीय होते. वरचं शेवाळ खरवडलं की खालची बारमाही गोठलेली जमीन वितळायची आणि रस्ता चिखलात बसायचा. मग त्यांनी ते शेवाळ तसंच ठेवून वर लाकडाचे ओंडके आडवे टाकले. डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीकच्या पट्ट्यात आजही जमिनीच्या या खेळामुळे डांबर लाटांसारखं उचललेलं दिसतं. आयुष्यभर रस्ते बांधलेल्या माणसाला तिथे उतरून पायी हिंडू दे. डेल्टा जंक्शनला पाटीसमोर फोटो निघेल, पण रस्ता कळायचा तो इथे.

मीही आत्ता माहेरी, इंदूरच्या सुदामानगरलाच आहे. आईंशी बोलायला येते.

---

ताईंना अनुमोदन. आणखी एक म्हणजे बाबांच्या कॅनडाच्या व्हिसावर अलास्कात जाता येणार नाही, अमेरिकेचा वेगळा लागेल. क्लुएनीहून मागे फिरलात तर तो प्रश्नच येत नाही. पण दोघांचा वैद्यकीय विमा निघण्याआधीच, आधीचे आजार स्पष्ट लिहून काढा. व्हाइटहॉर्स सोडलं की मोठं रुग्णालय जवळ नाही आणि कित्येक किलोमीटर फोनला रेंज नसते. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरायचंच. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज जोडायची सोय नसते, पण जळाऊ लाकूड फुकट मिळतं. कुणी डेम्प्स्टर हायवे सुचवला तर आधी भाड्याचा करार वाचा. तो खडीचा रस्ता आहे, बऱ्याच कंपन्या तिथे गाडी नेऊ देत नाहीत.

---

ताई, काका, मनापासून आभार. बाबांना रात्रीच नकाशा दाखवला. डेल्टा जंक्शन सोडायला ते लगेच तयार झाले, सोल्जर्स समिटला मात्र पूर्ण दिवस हवाय म्हणाले. व्हाइटहॉर्सच्या गाडीची चौकशी आज करतो. आई विचारतेय, गाडीतल्या गॅसवर कुकर चालतो का? आणि रोज पोहे करता येतील का?

---

कुकर छान चालतो, पण तीन लिटरचाच आण, शेगडी लहान असते. पोह्यांची फोडणी देताना वरचा पंखा लाव आणि खिडकी उघड, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. आणि जेवणाचं भांडं, कचरा, शेवेचं पाकीटसुद्धा रात्री बाहेरच्या टेबलावर राहता कामा नये, अस्वलाला वास फार लांबून येतो. पोहे इंदूरहूनच आण, जाडे. पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला मी देते.