चॅनल आयलंड्सचे कोल्हे: खरा दोषी कोण?

कॅलिफोर्नियाजवळच्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानातले कोल्हे सोनेरी गरुडांनी संपवत आणले, हे खरंच. पण हे गरुड तिथले मूळ रहिवासी नव्हेत. पूर्वी बेटांवर मासे खाणारे बाल्ड ईगल होते आणि ते दुसऱ्या गरुडांना फिरकू देत नसत. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, घरटी ओस पडली. त्यात सांताक्रूझ बेटावर मोकाट सुटलेली डुकरं. त्यांची पिल्लं म्हणजे सोनेरी गरुडांना आयतं ताट. कोल्हे बिचारे तोंडी लावायला! मांजरापेक्षाही लहान जीव, आभाळातून शत्रू येईल हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सांता रोझा आणि सॅन मिगेल या बेटांवर प्रत्येकी १५च कोल्हे उरले होते. मग सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर सोडले, डुकरं काढली, कोल्ह्यांची पिंजऱ्यात पैदास केली, बाल्ड ईगल परत आणले. २०१६ मध्ये ही उत्तरेकडच्या बेटांवरची कोल्हेमंडळी धोक्याच्या यादीतून बाहेर आली. डुकरांना सरसकट मारण्यावर बराच वाद झाला, पण मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

जाता जाता: हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना उत्तरेची चारही बेटं एकच होती. तिथे पोहत आलेल्या मॅमथांचे (हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदांचे) वंशज पिढ्यान्‌पिढ्या आकाराने घटत गेले. १९९४ मध्ये सांता रोझावर अशा बुटक्या मॅमथचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. खांद्यापर्यंतची उंची जेमतेम माणसाएवढी!