चांदोलीला जायचंय, वडील आणि लेकीसोबत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही देवरुखचे. डिसेंबरात दोन दिवस चांदोली राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. बरोबर लेक (नववीत) आणि ६८ वर्षांचे बाबा. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून शृंगारपूरहून प्रचितगडाची चढण नको, शेवटची ती लोखंडी शिडी तर नकोच. आंबा घाट, मलकापूर, शेडगेवाडी करत गाडीने उद्यानाजवळच्या मणदूरला उतरायचा विचार आहे.

लेकीला शेकरू बघायचाय. गेल्या वर्षी आंबा गावात एकदाच दिसला होता, तोही शेपूट फांदीवरून खाली सोडून उंबर कुरतडत बसलेला. पोरगी मान वर करून वीस मिनिटं जागची हलली नाही. वाघ दिसेल अशी आशा धरलेली नाही. गवे, धनेश आणि ते दाट जंगल दिसलं तरी भरून पावलो.

आता खरी अडचण रात्रीची. उद्यानात मुक्काम करता येत नाही, आणि बाबांना नातीला आकाशातले कृत्तिका, मृग, व्याध ओळखायला शिकवायचेत. आमच्या अंगणात आता समोरच्या हायमास्ट दिव्यामुळे कृत्तिकांचा पुंजकासुद्धा धड दिसत नाही. मणदूर किंवा आरळ्याच्या बाजूला, उघड्या माळावर, आजूबाजूला दिवे नसलेलं एखादं घरगुती राहण्याचं ठिकाण आहे का? रात्री अंगणात खाट टाकून बसणं तिथे सुरक्षित आहे का? गव्यांची भीती वाटते.

आणि आतल्या फेरीसाठी आपली गाडी नेऊ देतात की तिथलीच घ्यावी लागते? अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. अमावस्येच्या आसपासच निघायचंय.