वावरिंकाचं मेलबर्न आणि नदालची पाठ: हे रडगाणं किती वर्षं चालणार?

एकहाती
काल टेनिसपटू नदालच्या कारकिर्दीवर गप्पा चालल्या होत्या. तिथे रफा_नाशिककर यांनी लिहिलं, '२०१४ ची ऑस्ट्रेलियन ओपन वावरिंकाने जिंकली नाही, नदालच्या पाठीने घालवली. त्याच्या तीन ग्रँड स्लॅममधली खरी दोनच.' मेलबर्नच्या त्या फायनलला वावरिंकाने नदालला चार सेटमध्ये हरवलं होतं. वर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नदालची पाठ दुखत होती हे मला मान्य आहे. दुसऱ्या सेटमध्ये त्याची सर्व्हिस ताशी १३० किलोमीटरच्या खाली आलेली सगळ्यांनी पाहिली. पण पहिल्या सेटचं काय? ५-३ वर वावरिंका सेटसाठी सर्व्हिस करतोय, ०-४०, म्हणजे नदालला ती सर्व्हिस मोडायच्या तीन संधी, आणि पहिली सर्व्हिस लागता लागत नाहीये. नदालला एका मागून एक सेकंड सर्व्ह मिळाल्या आणि रिटर्न काही कोर्टात पडेना. सेट ६-३. त्याआधी दोघांच्यात बारा सामने झाले होते, बाराही नदालचे, एकही सेट न गमावता. त्या माणसाविरुद्ध वावरिंका पहिल्या गेमपासून पुढे येऊन मारत होता.

आणि फायनलपर्यंत तो काय पालखीत बसून आला होता का? क्वार्टर फायनलला जोकोविच, सलग तीन वर्षांचा विजेता, पाचव्या सेटमध्ये ९-७. सेमीला बर्डिच, तीन सेट ६-६ होऊन टायब्रेकला. एकाच ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या मानांकिताला हरवणं १९९३ च्या फ्रेंच ओपनमधल्या ब्रुगेरानंतर कुणाला जमलं नव्हतं. 'पाठीने घालवली' म्हणे.

रफा_नाशिककर
माझ्या नावाने धागा निघाला, धन्यवाद. आता पुढचं पण वाचा. नदालने स्वतः सांगितलंय की वॉर्मअपमध्येच पाठीत काहीतरी जाणवलं होतं आणि पहिल्या सेटच्या शेवटाला ते वाढलं. पहिल्या सेटचा शेवट म्हणजे तुमचा तोच ०-४० चा गेम. तिथे पाठ नव्हती, हे तुम्ही इथून घरबसल्या कसं ठरवलंत?

मी तो सामना काकांकडे बघितला. २६ जानेवारी, रविवार, सकाळी झेंडावंदन करून आलो होतो आणि दोनला टीव्हीसमोर. सानिया मिक्स्ड डबल्सची फायनल हरली होती त्याच दिवशी, त्यामुळे मूड आधीच गेलेला. काकांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या सेटमध्ये ते म्हणाले, 'याला उसण भरलीय, याला घरी पाठवा.' ज्यांना टेनिस कळतं ते मात्र स्टेडियममध्ये त्याची हुर्यो उडवत होते.

ठाणेकर
उसण वगैरे ठीक आहे हो. सेट गेला, दुसऱ्यात सर्व्हिस मोडली, म्हणजे ब्रेक बसला आणि नेमकं तेव्हाच साहेब मेडिकल टाइमआउट घेऊन आत गेले. समोरचा भरात असताना! वावरिंका अंपायर कार्लोस रामोसला विचारतोय की कारण तरी सांगा, तर तेही सांगत नाहीत. नदालचं हे जुनंच. हरायला लागलं की गुडघा, गुडघा संपला की पाठ. चार आठवड्यांनी हाच माणूस रिओची स्पर्धा जिंकला. इतकी मोडलेली पाठ चार आठवड्यांत बरी?

मेघा_फिजिओ
होय, चार आठवड्यांत बरी होऊ शकते. रोज असे पेशंट बघते मी. स्नायू आखडला की माणसाला मोजे घालता येत नाहीत, आणि दहा-बारा दिवसांनी तोच माणूस सामानाच्या पिशव्या घेऊन जिना चढतो. डिस्क सरकली तर प्रकरण वेगळं. नदालला नेमकं काय झालं होतं ते त्याला तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. इथल्या बाकीच्यांना ती अट दिसत नाही.

सर्व्हिस करताना कंबर मागे वाकते आणि त्याच क्षणी फिरते. पाठ धरली की पहिली मरते ती सर्व्हिस. फोरहँड हातावर, खांद्यावर निभावता येतो. त्या दिवशी तेच दिसलं. नाटक करणारा माणूस सहसा लंगडतो, कारण प्रेक्षकांना ते कळतं. सर्व्हिस ताशी पन्नास-साठ किलोमीटरने कमी करून कुणी ग्रँड स्लॅमच्या फायनलचं नाटक करत नाही.

ठाणेकर
मॅडम, आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत. प्रत्येक सामन्यात ३-४ झालं की त्यांची पोटरी धरते. मीठ-साखर-पाणी, दहा मिनिटं. मग येऊन ६-४ जिंकतात. मी त्यांच्याकडून असा तीनदा हरलोय, तेव्हा मला शिकवू नका.

मेघा_फिजिओ
म्हणजे तुमच्या क्लबातल्या पोटरीचा सूड नदालच्या पाठीवर. छान. पोटरी धरते त्याला क्रॅम्प म्हणतात आणि क्रॅम्पसाठी मेडिकल टाइमआउट व्यावसायिक टेनिसमध्ये मिळतच नाही, कोर्ट बदलताना जेवढं चोळून घेता येईल तेवढंच. क्लबात नियम लावा, नदाल सुटेल.

फेडीप्रेमी
टाइमआउटचा विषय निघालाच आहे तर, त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलला रॉजर फेडररने नदालच्या ओरडण्याबद्दल अंपायरकडे तक्रार केली होती, तीही आठवा. नियम वाकवणं ही त्या माणसाची सवय आहे. सर्व्हिसच्या आधी किती वेळ घ्यायचा ते तर बोलायलाच नको. रॉजरने कधी...

रफा_नाशिककर
रॉजरने काय? त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनला, वर्षअखेरच्या स्पर्धेत, तुमच्या रॉजरची पण पाठच धरली ना? आदल्या दिवशी सेमीला वावरिंकाचे चार मॅच पॉइंट वाचवले आणि फायनलला न खेळताच जोकोविचला वॉकओव्हर. प्रेक्षकांना प्रदर्शनीय सामना दाखवून घरी पाठवलं. आठवड्याभरात फ्रान्समध्ये डेव्हिस कप जिंकला. ते चालतं? नदाल उलट चार सेट उभा राहिला. सोडून गेला असता तर तुम्हीच म्हणाला असतात की वावरिंकाचा क्षण हिरावला.

फेडीप्रेमी
रॉजर कोर्टवर येऊन स्वतः माफी मागून गेला. संस्कार म्हणतात त्याला.

एकहाती
अहो, विषय वावरिंकाचा आहे! त्या बिचाऱ्याचं आयुष्य असंच गेलं. त्याच्या फायनलवर बोलायला बसावं आणि दहाव्या मिनिटाला फेडरर-नदाल सुरू.

नुंगम्बाक्कम_रिटर्न
नोकरीमुळे बरीच वर्षं चेन्नईत होतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, वावरिंका त्याच महिन्यात चेन्नई ओपन जिंकून मेलबर्नला गेला होता. पुढची दोन वर्षंही तिथे तोच जिंकला, आणि २०११ लाही. त्याचा बॅकहँड पाच-सात रांगांवरून ऐकलाय मी. टीव्हीवर तो आवाज येतच नाही. २०१४ च्या जानेवारीत त्याला जवळून पाहिलेल्यांना मेलबर्नचा धक्का जरा कमीच बसला.

दोन, २००८ ला नदाल चेन्नईत सेमीला मोयाशी जवळपास चार तास खेळला आणि दुसऱ्या दिवशी फायनलला यूझनीने त्याला ६-०, ६-१ उडवलं. यूझनीने कबूल केलं की मी जिंकलो असं नाही, रफाला हलताच येत नव्हतं.

आता तिसरी, विषयाबाहेरची. एवढी चांगली स्पर्धा आमच्याकडून उचलून पुण्याला नेली आणि पुण्याने ती हाँगकाँगला घालवली. अभिनंदन.

रफा_नाशिककर
यूझनी बघा, किती मोठ्या मनाचा. जिंकणारा स्वतः मान्य करतो.

एकहाती
करंडक परत दिला का त्याने?

बाणेरवासी
'पुण्याने घालवली' म्हणजे काय? मी राहतो तिथून बालेवाडी स्टेडियम हाकेच्या अंतरावर. २०१८ ला पहिल्याच वर्षी चिलिच आला, जगात सहावा होता तेव्हा. अँडरसन आला. फायनल झाली सिमों आणि अँडरसनची. २०१९ ची फायनल तर विसरणार नाही. अँडरसन विरुद्ध कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकला, ७-६, ६-७, ७-६. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा! त्याच्या सर्व्हिसला चेंडू दिसतच नाही, मागच्या पडद्यावर आपटला की कळतं. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता, अजून ती सर्व्हिस घरात करून दाखवतो. ट्यूबलाइट गेलीय एक.

तेव्हा टेनिस-टेनिस करणारे हे सगळे कुठे होते? वरच्या रांगा रिकाम्या असायच्या मधल्या वारी.

ठाणेकर
मधल्या वारी रिकाम्याच असणार. आम्ही ठाण्याहून एक्स्प्रेस-वेने चार तास घालवून पहिल्या फेरीतले शंभराव्या क्रमांकाचे सामने बघायला यायचं? मुंबईला ठेवली असती तर भरली असती.

बाणेरवासी
मुंबईला कुठे? स्टेडियम दाखवा आधी. मुंबईकरांना सगळं चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे. चेन्नईकर दर जानेवारीला येत होते म्हणून ती स्पर्धा तिथे एवढी वर्षं टिकली, हे मान्य करतो. पण तुम्ही ठाण्याहून पुण्याला लग्नाला येता, चितळ्यांची बाकरवडी घ्यायला येता, टेनिसला येत नाही. आणि वर आम्हाला ऐकवता.

ठाणेकर
बाकरवडी आता ठाण्यात पण मिळते.

बाणेरवासी
मग बसा तीच खात. तुमच्यासारख्यांमुळे पाच आवृत्त्यांत संपलं सगळं. वेसेली, सूझा, ग्रिकस्पूर असे विजेते डोळ्यांसमोर बघितलेत मी. तुम्हाला त्यातला एक तरी चेहऱ्याने ओळखता येईल का? लाज वाटली पाहिजे.

ठाणेकर
ए, लाज कुणाची काढतोस? तुझ्या पुण्यात दुपारी एक ते चार शहरच बंद असतं, मॅच बघणार कोण!

मेघा_फिजिओ
तो विनोद माझ्या आजीच्या काळातला आहे. दोघांनी दीर्घ श्वास घ्या.

नुंगम्बाक्कम_रिटर्न
मी फक्त अभिनंदन म्हटलं होतं.

एकहाती
बालेवाडी, बाकरवडी झाली असेल तर मूळ मुद्द्यावर येतो. नाशिककर, एक सांगा. २०१७ ची फ्रेंच ओपन फायनल. नदालने वावरिंकाला ६-२, ६-३, ६-१ धुतलं. त्यानंतर वावरिंका विम्बल्डनला पहिल्याच फेरीत गेला आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते वर्ष तिथेच संपलं. तुमच्या हिशोबाने नदालची दहावी फ्रेंच ओपन 'वावरिंकाच्या गुडघ्याने घालवली' का?

रफा_नाशिककर
फ्रेंच ओपनच्या मातीच्या कोर्टवर नदालला हरवायला दोन्ही गुडघे कमीच पडतात. तो सामना त्या गुडघ्याने ठरलाच नाही.

एकहाती
हेच! गुडघ्याने सामना ठरला नाही हे तुम्हाला कळतं, पण पाठीने ठरला हेही तुम्हालाच कळतं. दुखापत कुणाची त्यावर नियम बदलतो.

रफा_नाशिककर
बरं. वकिली चांगली करता. एवढंच मानतो की पहिला सेट वावरिंकाचा होता आणि तो त्या दिवशी आधीच्या बारा सामन्यांसारखा खेळत नव्हता. पण पाठ शाबूत असती तर पाच सेट झाले असते, आणि पाचव्यात कोण जिंकलं असतं ते तुम्हाला आणि मला दोघांना माहीत आहे.

एकहाती
पाचव्या सेटचा अनुभव त्याने पाचच दिवस आधी जोकोविचवर घेतला होता, ९-७. आठवण करून दिली फक्त.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. जखमी माणसाशी खेळणं अवघड असतं. तिसरा सेट नदालने ६-३ घेतला तो का? वावरिंकाला कळेनाच काय करायचं. हळू सर्व्हिस आली की हात आखडतो, समोरचा हलत नाही म्हणून तो सगळं एका फटक्यात मारून टाकायला बघतो, आणि आपण त्याची दया करावी की त्याला पळवावं यात अडकतो. चौथ्यात ब्रेक मिळाला, तो परत दिला, पुन्हा मिळवला. पहिलीच ग्रँड स्लॅम फायनल, समोर मोडलेला जगज्जेता, आणि हरलास तर आयुष्यभर लोक विचारणार की असल्या नदालकडून सुद्धा हरलास? ते ओझं नदालवर नव्हतं.

मेघा_फिजिओ
हे पटलं.

ठाणेकर
मला पण. आमचे पोटरीवाले गृहस्थ असेच जिंकतात. त्यांचं आखडलं की माझं सगळं आउट जायला लागतं.

रफा_नाशिककर
ठाणेकर, तुम्ही आधी म्हणालात नदालने नाटक केलं. आता म्हणता समोरच्या जखमी माणसामुळे वावरिंकाची पंचाईत झाली. नाटक होतं की दुखापत, एक काहीतरी ठरवा.

ठाणेकर
दुखापत होती. टाइमआउटची वेळ नाटकी होती. याच्या खाली मी येणार नाही.

फेडीप्रेमी
आणि सर्व्हिसच्या आधी घेतलेला वेळ?

रफा_नाशिककर
अरे देवा.

बाणेरवासी
ज्यांना खरंच रस आहे त्यांच्यासाठी: २०१९ च्या फायनलची सगळी क्लिप माझ्याकडे आहे. हात थोडा हलतोय, चालवून घ्या. ठाणेकरांना सुद्धा पाठवीन, मागितली तर.

ठाणेकर
पाठव.