एअरलाइनचा सिम चेक आणि इंटरव्ह्यू: तीन आठवड्यांत काय धरू, काय सोडू?

उडता_साताराकर:
नमस्कार मंडळी. सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) हातात आहे, एकूण २१४ तास, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालंय, एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंगही (ते विमान उडवायची पात्रता). लेखी आणि सायकोमेट्रिक निघाली. आता गुरुग्रामला सिम चेक (सिम्युलेटरवरची उड्डाण चाचणी), टेक्निकल आणि एचआर, तिन्ही एका पाठोपाठ, तीन आठवड्यांनी. सहा महिने कंट्रोलला हात नाही आणि साताऱ्यात बसून सिम्युलेटर कुठून आणू? ग्रुपवर फिरणारी प्रश्नोत्तरांची जाडजूड पीडीएफ आहे, ती पाठ करावी का? शाळा मराठी माध्यमाची. विषय समजतो, पण इंग्रजीत समजावून सांगताना गाडी अडखळते. जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ_सांगली:
पीडीएफ आधी बाजूला ठेवा आणि स्वतःचं लॉगबुक उघडा. फ्रेशरसाठी तीच प्रश्नपत्रिका असते. पॅनल कुठलंही पान उघडतं आणि बोट ठेवतं. सीपीएलसाठी केलेली ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री हमखास निघते: रूट कोणता, कोणत्या दोन विमानतळांवर फुल-स्टॉप (पूर्ण थांबून) लँडिंग केलंत, इंधन किती घेतलं, त्यातलं राखीव किती, पर्यायी विमानतळ कोणता धरला होता. रात्रीचे ५ तास आणि १० टेक-ऑफ, १० लँडिंग कधी झाले, पीआयसी (पायलट-इन-कमांड) म्हणून १०० तास कुठे पूर्ण झाले, ही पानं रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवा.

बेरजा पुन्हा करा. लॉगबुकातली बेरीज आणि ईजीसीए या डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) पोर्टलवरची बेरीज यांत दहा मिनिटांचा जरी फरक असला तरी चर्चा विमानावरून घसरते आणि तुमच्या प्रामाणिकपणावर येते. खाडाखोड असेल तर एक सरळ रेघ आणि सही. व्हाइटनर लावला असेल तर आत्ताच फ्लाइंग स्कूलकडून त्या नोंदीचा दाखला घ्या.

आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, मेडिकलवर ते गायबच. सीपीएल, एफआरटीओएल आणि आरटीआर (रेडिओ वापरायचे परवाने), क्लास वन मेडिकल, इंग्रजी प्रोफिशियन्सी आणि पासपोर्ट एका ओळीत मांडून नावं जुळवा. जुळत नसतील तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. तीन आठवड्यांत ते होतं, आदल्या दिवशी होत नाही.

ढगाच्या_वर:
टेक्निकलबद्दल. पीडीएफमधलं पहिलं उत्तर सगळ्यांनाच येतं. पॅनल तिसऱ्या "का?"ला माणूस ओळखतं. एक साखळी घेऊ.

ओल्या धावपट्टीवर व्ही-वन (टेक-ऑफ सोडून थांबायचं ठरवायची शेवटची वेगमर्यादा) कमी होतो की जास्त? कमी. का? ब्रेक कमी लागतात, थांबायला अंतर जास्त लागतं, म्हणून थांबायचं तर ठरवायला आधी हवं. मग इंजिन आणखी कमी वेगाला बंद पडलं आणि आपण टेक-ऑफ चालूच ठेवला तर? एका इंजिनावर वेग गाठायला जास्त धावपट्टी खर्ची पडते, म्हणूनच ओल्यासाठी स्क्रीन हाइट (धावपट्टी संपताना गाठायची उंची) ३५ फुटांवरून १५ फूट धरायला मुभा आहे. इथपर्यंत पोचलात तर पॅनल पुढच्या विषयाकडे जातं. "व्ही-वन इज डिसिजन स्पीड" एवढंच म्हणून थांबलात तर तिथेच खणत राहतं.

दुसरी साखळी पावसाची. हायड्रोप्लेनिंगचा (टायर पाण्याच्या थरावर तरंगण्याचा) वेग नॉटमध्ये म्हणजे टायरच्या पीएसआय दाबाच्या वर्गमुळाची ९ पट. दाब २०० धरा: वर्गमूळ १४.१, वेग सुमारे १२७ नॉट. पण हे फिरणाऱ्या चाकाचं. टेकताना चाक अजून फिरलेलं नसतं, तिथे ९ऐवजी ७.७ येतो, म्हणजे सुमारे १०९. आता सांगा, पावसात लोण्यासारखं लँडिंग का करायचं नाही? चाक पाण्याचा थर फोडून डांबराला लागलं पाहिजे आणि फिरलं पाहिजे. ठाम टेकवायचं, लगेच स्पॉइलर आणि रिव्हर्स. यावरून कोझिकोडच्या विमान अपघाताकडे वळतातच: ७ ऑगस्ट २०२०, टेबलटॉप (पठारावरची, टोकाला दरी असलेली), ओली धावपट्टी, मागून वारा, आणि निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलेलं विमान. एएआयबीचा (विमान अपघात तपास ब्युरोचा) अहवाल वाचून जा. को-पायलटने कुठल्या क्षणी काय बोलायला हवं होतं, हा पुढचा प्रश्न ठरलेला.

तोंडी गणितं रोज दहा, कागद न घेता. पुण्याची उंची १९४२ फूट, एप्रिलची दुपार, ४० अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) १०१३. त्या उंचीला आयसा (प्रमाणित वातावरणाचं) तापमान सुमारे ११, फरक २९, अंशाला १२० फूट म्हणजे जवळपास ३५००, ते उंचीत मिळवा. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजारांच्या आसपास. धावपट्टी २८ (दिशा २८० अंश), वारा २४० अंशांवरून १२ नॉट, गस्ट (झोत) २२: कोन ४०, म्हणजे क्रॉसविंड (आडवा वारा) वाऱ्याच्या साधारण दोन-तृतीयांश, ८ आणि गस्टला १४. इथे एक छोटा सापळा. मेटारचा (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा ट्रू उत्तरेपासून, टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक. आपल्याकडे व्हेरिएशन (या दोन उत्तरांमधला फरक) जवळपास शून्य असल्याने आकडा बदलत नाही, पण प्रश्न येतोच.

आणि होल्डिंगचे (हवेत घिरट्या घालत थांबण्याचे) आकडे: १४,००० फुटांपर्यंत २३० नॉट आणि एक मिनिट, त्यावर दीड मिनिट. फायनल रिझर्व्ह (शेवटचं राखीव इंधन) जेटला ३० मिनिटं, १५०० फुटांवर. एवढे तरी झोपेतही यायला हवेत.

घाटमाथा:
सिम चेकचं. सिम्युलेटर नसला तर नसू दे. ए-३२०च्या कॉकपिट पॅनलचं पोस्टर भिंतीला, समोर खुर्ची, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. फ्लो (स्विच हाताळायचा ठरलेला क्रम) हाताने करायचे, कॉल तोंडाने मोठ्याने. घरचे हसतील, हसू द्या. गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) तर इतक्या वेळा करा की कंटाळा यावा: "गो-अराउंड, फ्लॅप्स", थ्रस्ट लिव्हर टोगाला (पूर्ण जोराला), पिच (नाकाचा कोन) १५ अंशांकडे, "पॉझिटिव्ह क्लाइम्ब", "गिअर अप". गडबडीत लिव्हर टोगाच्या खाचेपर्यंत जात नाहीत आणि मोड बदलतच नाही, ही नेहमीची चूक. म्हणून तिथे लगेच एफएमए (चालू मोड दाखवणारी पट्टी) वाचायची सवय लावा.

सहा महिन्यांच्या गॅपनंतर हात टिकतो, जातो तो स्कॅन (उपकरणांवर फिरणारी नजर). रॉ डेटा आयएलएसवर (नुसत्या काट्यांवर हाताने उतरताना) उमेदवार ग्लाइडस्लोपच्या (उतरणीचा कोन दाखवणाऱ्या काट्याच्या) मागे धावतो: काटा खाली, नाक खाली, काटा वर, नाक वर, आणि तोवर लोकलायझर (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा काटा) सुटलेला. गणित डोक्यात असलं की हे थांबतं. १४० नॉट ग्राउंडस्पीडला ३ अंशांसाठी मिनिटाला ७०० फूट, म्हणजे वेग गुणिले ५. १४० नॉट म्हणजे मिनिटाला साधारण १४,००० फूट, त्याचा साठावा भाग म्हणजे एक अंश पिचला सुमारे २३५ फूट. तेव्हा अर्धा डॉट (काट्याच्या पट्टीवरचा ठिपका) चुकलात तर अर्धा अंश बदला, थांबा, बघा. दोन-तीन अंश ढकललं की पुढची दोन मिनिटं ते निस्तरण्यातच जातात.

१००० फुटांवर विमान स्थिर नसेल तर सरळ गो-अराउंड. ओढूनताणून उतरवलेलं लँडिंग पाहून कुणी टाळ्या वाजवत नाही. चूक झाली तर "करेक्टिंग" म्हणा आणि सुधारा. चुका सगळ्यांच्याच होतात, मार्क जातात ते चूक दिसलीच नाही तेव्हा.

उडता_साताराकर:
खूप आभार, दादा-ताई सगळ्यांचेच. एचआरमध्ये "कॅप्टन चुकतोय, तू काय करशील?" हे विचारतात म्हणे. त्याचं काय? आणि इंग्रजीचं?

सायंतारा:
"मी कंट्रोल घेईन" हे सर्वांत घाईचं उत्तर आणि "कॅप्टन अनुभवी आहेत, मी गप्प बसेन" हे सर्वांत धोक्याचं. मधला रस्ता पायऱ्यांचा आहे: आधी विचारा, मग सावध करा, मग स्पष्ट आव्हान द्या, आणि विमान धोक्यात असताना शेवटी कृती. आकड्यांत सांगा. "सर, स्पीड?" पहिली पायरी. "सर, स्पीड व्हीअॅपपेक्षा (अप्रोचच्या ठरलेल्या वेगापेक्षा) १५ नॉट जास्त आहे" दुसरी. "अनस्टेबल, गो-अराउंड" तिसरी. उत्तर न आल्यास "आय हॅव कंट्रोल". आपल्याकडे मोठ्यांना उलटून बोलू नये असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि पॅनल नेमकं तेच चाचपतं. नम्र राहा, पण वाक्य अर्धवट सोडू नका.

इंग्रजीचं सोपं आहे. विषय आधी मराठीत घरच्या कुणालातरी समजावा. आजीला डच रोल (विमानाचं डुलत-डुलत नाक हलणं) समजला तर तुम्हाला समजलाय. मग तेच इंग्रजीत, तीन वाक्यांत, फोनवर रेकॉर्ड करा: व्याख्या, कारण, विमानावरचा परिणाम. चौथं वाक्य आपणहून बोलायचं नाही, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. उच्चारांची काळजी सोडा, घाई सोडा. येत नसेल तर "आय डोन्ट नो, सर, आय विल चेक". ठोकून दिलेलं उत्तर पॅनलला लगेच कळतं.

पुण्यावरून विमान असेल तर आदल्या दिवशीच निघा, खंबाटकीत ट्रक बंद पडला की सगळं वेळापत्रक घाटात. ब्रेथलायझर लावलाच तर आकडा शून्यच हवा. डीजीसीएच्या नियमात अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई आहे, तेव्हा ती बाटली घरीच ठेवा. आणि लॉगबुक चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा.