अपडेट आलं आणि ओव्हरक्लॉक गेला : आपापले अनुभव लिहा

पर्वरीकर

चतुर्थीला गावच्या घरी होतो. गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधून स्टुलावरून खाली उतरतो न उतरतो तोच भाचा हजर. "मामा, परवा विंडोजचं अपडेट आलं आणि माझा प्रोसेसर ४७ वरून एकदम ३६ वर आला. अपडेटने ओव्हरक्लॉक बंद केला." ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. ४७ हा प्रोसेसरचा गुणक. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ४७ने गुणलं की ४.७ गिगाहर्ट्झ.

मला शंका वेगळी आली. मशीन बंद केलं, प्लग काढला, चहा होईपर्यंत तसंच ठेवलं आणि प्लग लावून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, शिरलो. तारीख कित्येक वर्षं मागची. सीमॉसची, म्हणजे सेटिंग आणि घड्याळ जपणारी बोर्डावरची, बॅटरी मेलेली होती! प्लग भिंतीत असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, म्हणून सेटिंग टिकून होतं. आमच्याकडे ढग गडगडले की सगळे प्लग काढायचे हा आजीचा कायदा, त्यावर अपील नाही. त्या दिवशी अपडेट घेऊन मशीन बंद झालं, मागोमाग गडगडलं, प्लग निघाला आणि बायोस मूळपदावर गेलं. पुढे विंडोज सुरू झाल्यावर त्याने इंटरनेटवरून तारीखही नीट करून घेतली, म्हणजे पुरावासुद्धा पुसला. घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ बॅटरी आणली, आकडे परत भरले, काम झालं.

असे किस्से आणखी पुष्कळांकडे असणार, म्हणून हा धागा. मशीन कोणतं, लक्षण काय, चोर कसा सापडला ते सविस्तर लिहा. दोनच विनंत्या. कंपनीचं किंवा दुकानाचं नाव घेऊन शिव्याशाप नकोत. आणि 'फॉरमॅट मार' हा सल्ला नको, तो सगळ्यांना येतो.

म्हापसेकर

माझा जुना, २०१५चा. बाबांच्या दुकानातल्या हिशेबाच्या मशीनमध्ये मी पेंटियम जी३२५८ बसवला होता. पेंटियम या नावाला वीस वर्षं झाली म्हणून २०१४ साली काढलेला तो खास प्रोसेसर: दोन कोअर (काम करणारे गाभे), ३.२ गिगाहर्ट्झ, पण गुणक मोकळा, म्हणजे हवा तसा वाढवता येणारा. इतक्या स्वस्तात मोकळा गुणक म्हणजे आमच्यासारख्यांना शुक्रवारच्या बाजारात इसवण मासा पाव किमतीत मिळाल्यासारखं. खरं तर गुणक वाढवायला झेड मालिकेचा बोर्ड हवा. मी घेतला साधा एच८१. अशा साध्या बोर्डांनाही बायोसमधून मागचं दार उघडून दिलेलं असायचं. ४.२ गिगाहर्ट्झवर वर्षभर बिनतक्रार चाललं.

मग विंडोज १० घातलं. लोगो येतो आणि तिथेच थिजतो, खालचे ठिपकेसुद्धा फिरत नाहीत. तीन दिवस बाबा हिशेब वहीत लिहीत होते आणि माझ्याकडे बघत होते. बोलत काही नव्हते, तेच जास्त लागत होतं.

कारण कळलं ते असं. प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड नावाची बारीकशी आज्ञावली असते. तिची सुधारित आवृत्ती आत कायमची कोरली जात नाही, दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने भरली जाते. आधी बायोस भरतं. मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे त्याहून नवी असेल तर ती वरून भरते. विंडोजमध्ये हे काम एमसीअपडेट_जेन्युइनइंटेल या डीएलएल फाईलचं. त्या वर्षी आलेल्या नव्या मायक्रोकोडने साध्या बोर्डांवरचं मागचं दार लावून घेतलं, आणि माझा प्रोसेसर त्याच दारातून पळत असताना मध्ये चेंगरला.

उपाय विचित्र होता. बायोसमध्ये जाऊन एकच कोअर चालू ठेवायचा. मशीन रखडत का होईना, सुरू होतं. मग त्या फाईलची मालकी स्वतःकडे घ्यायची, तिचं नाव बदलायचं आणि परत दोन्ही कोअर चालू करायचे. चाललं. पुढच्या मोठ्या अपडेटला फाईल परत आली, मी परत नाव बदललं. असं दोन-तीनदा झालं.

साखळीकर

म्हापसेकर, किस्सा झकास, पण नव्या लोकांनी हे करू नये असं मी म्हणेन. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आल्यावर स्पेक्टरच्या एका प्रकारावरचा इलाज मायक्रोकोडमधूनच आला. ज्यांच्या बोर्डाला नवं बायोस मिळालं नाही त्यांना तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून मिळणार होता, आणि तेच दार तुम्ही बंद केलेलं. हिशेबाच्या मशीनवर!

म्हापसेकर

मान्य. २०१७च्या जुलैत जीएसटी लागला, मशीनवर बँकेचे व्यवहारही सुरू झाले, तेव्हा मी गुपचूप गुणक ३२ वर आणून फाईल जागेवर ठेवली. बाबांना फरक कळला नाही. म्हणजे इतक्या दिवसांचा तो वेगही त्यांना कधी कळला नव्हता.

फर्मागुढीचा विद्यार्थी

माझं ओव्हरक्लॉक नाही, अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरला कमी व्होल्टेज देणं. पण घराणं एकच. आठव्या पिढीचा सहा कोअरचा लॅपटॉप. मे महिन्यात हॉस्टेलच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो, लॅपटॉप ९५ अंशांना टेकून वेग सोडायचा. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममधून व्होल्टेज १२० मिलिव्होल्टने उतरवलं की ८२-८३ वर थांबायचा. अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी ऑफसेट, म्हणजे उतरवायचा आकडा, शून्य! आकडा भरावा, लागू करावा, परत शून्य.

मी आधी बायोसवर संशय घेतला, कारण तसं खरोखर घडतं. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला: व्होल्टेज हळूच उतरवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक पाडायची. त्यावर उपाय म्हणून बऱ्याच लॅपटॉपांच्या नव्या बायोसमध्ये व्होल्टेजच्या रजिस्टरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या त्या आकड्याच्या जागेला, कुलूप लागलं. आणि विंडोजच्या अपडेटबरोबर फर्मवेअरही येऊ शकतं, त्यामुळे बायोस बदलल्याचं माणसाच्या लक्षातही येत नाही. पण माझ्या बायोसची आवृत्ती जुनीच निघाली.

मग सिस्टीम इन्फर्मेशन उघडून अगदी तळाशी बघितलं. व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा: चालू. ही चालू असली की विंडोजच्या खाली हायपरव्हायजरचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा, एक थर येऊन बसतो, आणि व्होल्टेजच्या रजिस्टरवर लिहायला गेलं तर तो वाटेतच अडवतो. ती सुरक्षा थांबवायला कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद केली. तरी शून्य.

आता लाजेची गोष्ट. अपडेटच्या आदल्या संध्याकाळी असाइनमेंटसाठी मी विंडोजच्या आत लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल २, घातलं होतं. त्यालाही तोच हायपरव्हायजर लागतो. 'रीस्टार्ट करा' म्हणाला, मी 'नंतर' म्हटलं. रात्री अपडेटने रीस्टार्ट केलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू झाल्या, आणि शिव्या अपडेटला बसल्या. सध्या असाइनमेंट असली की लॅपटॉप गरम, सबमिशन झालं की डब्ल्यूएसएल २ला लागणारा व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद आणि लॅपटॉप गार.

पर्वरीकर

शाब्बास. रीस्टार्ट तुंबवून ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. मीही त्यातलाच.

काणकोणची

माझं मशीन तळहाताएवढं. आमच्या देवळाच्या उत्सवात गावचं नाटक असतं. रंगवलेले पडदे ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही प्रोजेक्टरवर राजवाडा, जंगल, नदी दाखवायला लागलो. त्यामागे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. नदीचा व्हिडिओ अडखळायचा, म्हणून कॉन्फिग फाईलमध्ये आर्म_फ्रीक (वेग) २००० आणि ओव्हर_व्होल्टेज (जादा व्होल्टेज) ६ लिहिलं. मूळ १.५ गिगाहर्ट्झचा तो २ वर गेला, नदी वाहू लागली.

मध्ये कार्ड खराब झालं आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, बुकवर्म. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाईलमध्ये त्याच दोन ओळी लिहिल्या. काही फरक नाही. परत लिहिल्या. नदी साचलेलीच. तालमीला दोन दिवस उरलेले, आणि नायिका विचारतेय, "ताई, मी नेमकी कशात उडी मारू?"

शेवटी फाईल मुळापासून वाचली. तीत माझ्या दोन ओळींच्या वरच लिहिलेलं, ही फाईल बदलू नका, खरी फाईल आता बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे. २०२३च्या बुकवर्मपासून जागा बदललीय. इतकी वर्षं पोरांना सांगते, प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा!

योग्य जागी लिहिल्यावर वेग आला, पण मांडवात लावल्यावर परत अडखळणं. व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेने थ्रॉटलिंग, म्हणजे वेग दाबला जातोय का, विचारलं तर ०एक्स५०००५. त्याचा अर्थ, व्होल्टेज आत्ता कमी पडतंय, वेग आत्ता दाबलेला आहे, आणि दोन्ही आधीही घडलंय. चौकशी केली तर लाईटवाल्या पोराने प्रोजेक्टरजवळ न्यायला लांबलचक बारीक यूएसबी केबल जोडलेली. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, साधारण ४.६३च्या खाली गेलं की तो स्वतःच वेग सोडतो. आखूड जाड केबल घातली. उत्सवाच्या रात्री नदी व्यवस्थित वाहिली, उडी मात्र चुकली. नायिका दुसऱ्या बाजूला उतरली.

वास्कोकर

नदीवरून आठवलं, एके काळी विंडोजमध्ये वेळही वेगळ्या गतीने वाहायची. आम्ही चार-पाच जण बेंचमार्कच्या, म्हणजे मशीनचा वेग मोजून गुण देणाऱ्या चाचण्यांच्या, नादी लागलेलो. विंडोज ८ आलं आणि अचानक आमचे आकडे फुगले. विंडोज चालू असताना बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठोका, बदलला की त्याचं घड्याळही त्याच प्रमाणात मागे-पुढे व्हायचं. बेस क्लॉक ६ टक्क्यांनी उतरवला तर पाच मिनिटांत घड्याळ १८ सेकंद मागे पडायचं. म्हणजे काम हळू, पण त्या मशीनच्या लेखी वेळही कमी गेलेला, मग गुण जास्त! भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावर आमची ट्यूब पेटली. ऑगस्ट २०१३मध्ये एचडब्ल्यूबॉट या बेंचमार्कचे निकाल नोंदवणाऱ्या साइटने विंडोज ८वरचे निकाल घेणं थांबवलं, तेव्हा आमच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडाही आम्हीच खोडला. तेव्हापासून अपडेटनंतर मशीन एकाएकी वेगवान वाटलं तरी मी आधी हातातल्या घड्याळाकडे बघतो.

मडगावची

थोडक्यात लिहिते. अपडेट ६० टक्क्यांवर जायचं, चूक दाखवायचं, मागे फिरायचं. सात वेळा. सगळे म्हणाले अपडेटच खराब आहे. माझ्या रॅमवर एक्सएमपी हे जास्त वेगाचं तयार सेटिंग चालू होतं, आणि ते फॅक्टरीचंच सेटिंग म्हणून मी त्याला ओव्हरक्लॉक मानतच नव्हते. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, सकाळी पोदेर पाव घेऊन आला तोवर ११ चुका. अपडेट म्हणजे हजारो फाईली उलगडून, जुळवून, तपासून लिहिणं. गेममध्ये एखादा बिट उलटला तर एखाद्या भिंतीचा रंग चुकतो, इथे तपासणीतच उडतं. एक्सएमपी ३६००चं ३२००वर आणलं, खराब झालेल्या फाईली डीआयएसएम आणि एसएफसी या विंडोजच्या आज्ञांनी दुरुस्त केल्या, आठव्या वेळी अपडेट गेलं.

डिचोलीकर

मडगावची, तुमचं वाचून धीर आला. माझं मशीन गेम खेळताना कधीच पडत नाही. मी मासे आणायला गेलो की पडतं. परत येतो तर लॉगिनचा पडदा. रायझन ५६००एक्स, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज उतरवणारं सेटिंग, सगळ्या कोअरना उणे ३०. वर्षभर ठीक. अपडेटनंतर हे सुरू झालं. चिपसेटचा ड्रायव्हरही त्याच सुमारास नवा घातला होता.

साखळीकर

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा, शोधा. १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी दिसतात का? १९ म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरने ती सावरली. १८ म्हणजे सावरता आली नाही. नोंदीत एपीआयसी आयडी, म्हणजे प्रोसेसरमधल्या धाग्याचा क्रमांक, असतो, त्यावरून कोणता कोअर ते कळतं. आणि पॉवर प्लॅन बघा, पूर्वी कोणता होता?

डिचोलीकर

पूर्वी हाय परफॉर्मन्स. आता बॅलन्स्ड झालाय, मी बदललेला नाही. १८ क्रमांकाच्या नऊ नोंदी, आयडी ४ आणि ५ आलटून पालटून.

साखळीकर

मग जवळजवळ सापडलंच. तुमच्या प्रोसेसरला एका कोअरमागे दोन धागे (थ्रेड) आहेत, ४ आणि ५ म्हणजे एकच कोअर, शून्यापासून मोजलं तर क्रमांक २चा. मशीन निवांत असलं की बाकीचे कोअर झोपतात आणि एखादाच क्षणभर उठून सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो. उणे ३० त्याच क्षणी कमी पडतं. गेममध्ये सगळे कोअर कामाला असतात, वेग तेवढा वर जात नाही, म्हणून तिथे पडत नाही. नव्या प्लॅनमध्ये झोपणं-उठणं वाढलं असावं. सगळ्यांना नको, त्या एका कोअरला उणे १५ देऊन बघा.

फर्मागुढीचा विद्यार्थी

आणि तोपर्यंत डिचोलीकर, मासे आणायला घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा.

डिचोलीकर

बायको म्हणते, प्रोसेसर बदल पण मासे तूच आण. उणे १५ केलंय. रविवारी बाजारात जाऊन आलो, परत आलो तेव्हा स्क्रीन जशीच्या तशी. बांगडेही बरे मिळाले. अजून आठवडाभर बघतो, मग लिहितो.