फुकट ट्रेनिंग, ३० दिवस, सर्टिफिकेट... आणि पुढे?

रावपुऱ्यातला_जुना
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे, आज टाकतोच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी, बडोद्याजवळ वाघोडिया बाजूचं गाव, गेल्या वर्षी ३० दिवसांचं शिवणकामाचं ट्रेनिंग करून आली. संस्थेचं नाव घेत नाही. राहणं-जेवण फुकट, शेवटच्या दिवशी टाळ्या, फोटो, सर्टिफिकेट. पोरगी हुशार आहे, कटोरी ब्लाऊज झक्कास कापते. आज तिच्या मशीनवर काय आहे माहितीये? घडी घातलेल्या गोधड्या! कारण गावात आधीच तिघी शिवतात आणि तिघीही उधारीवर. म्हणजे हाताला काम शिकवतात, पण भाव काय लावायचा, उधारी मागायची कशी, पहिलं गिऱ्हाईक आणायचं कुठून, ते कोण शिकवणार? त्यापेक्षा या पोरींना सरळ कारखान्यात लावा, पगार तरी सुरू होईल.

बँकेतून_रिटायर
अहो, अर्धवट माहितीवर लिहिताय. ही कल्पना मुळात कर्नाटकातल्या उजिरेची, १९८२ ची, धर्मस्थळचा ट्रस्ट आणि दोन बँकांनी मिळून काढलेली. चालली, म्हणून मग देशभर जिल्ह्याजिल्ह्यात बँकांकडे आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्था, दिल्या. त्यात नुसतं शिवण नसतं हो. डोळ्यांवर पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायला लावतात, आधी विचारतात किती रचशील, मग बघतात किती रचले. हसू येतं बघताना, पण स्वतःचा अंदाज किती चुकतो ते माणसाला तिथेच कळतं. बाजारात सर्व्हे करायलाही पाठवतात. आणि कोर्स संपल्यावर २ वर्षं पाठपुरावा हा योजनेचाच भाग आहे.

पादऱ्याची_सून
दादा मी असाच कोर्स केलाय म्हणून लिहिते. गावातले ब्लाऊज शिवून काही होत नाही हे तुमचं खरं आहे पण गावातलंच शिवायचं असं कोणी सांगितलं? मी बडोद्याच्या दुकानांचं चणिया-चोळीचं काम घेते, रथयात्रा झाली की सुरू ते पहिल्या नोरत्याच्या, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या दिवसाच्या, संध्याकाळपर्यंत, तेव्हा तर गिऱ्हाईक दुकानात उभं असतं आणि इकडे मी लटकण टाकत असते. पहिल्या वर्षी १२ कळ्यांचा चणिया नेला, लेस उलटी लागलेली, दुकानदाराने काउंटरवरच सगळी उसवायला लावली, चार बायका बघत होत्या. रडले नाही, पण बसमध्ये रडले. आता माझ्यासोबत अजून दोघी बसतात.

रावपुऱ्यातला_जुना
ताई, तुमचं कौतुकच आहे. पण रागावू नका, हे जॉबवर्क झालं. भाव दुकानदार ठरवतो, कापड त्याचं, नाव त्याचं. नवरात्र संपलं की काय? याला स्वरोजगार म्हणायचं तर कारखान्यातल्या कामगाराने काय पाप केलंय, त्याचा पीएफ तरी कापला जातो.

स्क्रीन_बदलून_मिळेल
कारखाना कारखाना काय लावलंय. हलोलला जनरल मोटर्सने २०१७ मध्ये गाड्या बनवणं बंद केलं तेव्हा आमच्या मामाचं घर बघायला हवं होतं तुम्ही. मी डभोईकडचा, मोबाईल रिपेअरिंगचा कोर्स केला, खरं सांगतो तिथून आलो तेव्हा चार्जिंगचा सॉकेट बदलताना बोर्डावरचे बारीक पार्ट उडवायचो, हीट गन किती धरायची कळायचंच नाही. मग शहरात एका उस्तादाकडे ६ महिने बिनपगारी बसलो. कोर्सने भीती घालवली, हात उस्तादाने बसवला. दोन्ही लागतं. आज स्वतःचं दुकान आहे, लहान आहे पण शटर माझं आहे.

दांडियाबाजार_कट्टा
बडोद्यात राहून म्हणायचं की धंदा शिकवता येत नाही? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, कला आणि तंत्र शिकवणारी संस्था. तिथले पहिले प्राचार्य गज्जर, त्यांनीच पुढे कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली. म्हणजे शिकवणारा माणूस स्वतः धंद्यात उतरला! आणि १९०८ मध्ये महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. आपले सिनेमावाले दादासाहेब फाळके पण कलाभवनातलेच.

रावपुऱ्यातला_जुना
महिनाभराच्या कोर्सला कलाभवनाच्या पंक्तीत बसवू नका राव. आणि फाळक्यांचं नाव काढलंत ते बरं केलंत. एवढी कला अंगात, तरी विलायतेला जायला इन्शुरन्सची पॉलिसी गहाण टाकावी लागली. आमच्या पोरीकडे पॉलिसी पण नाही. मुद्रा लोनला गेली तर ब्रँचमध्ये विचारलं, जमीन कोणाच्या नावावर आहे?

बँकेतून_रिटायर
हे चूक आहे, आणि मी हयात बँकेत काढली म्हणून जास्त राग येतो. लहान धंद्याला निदान १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि मुद्राचं सगळ्यात लहान लोन, शिशु, तर ५० हजारांपर्यंतचंच असतं. लेखी नकार मागायला सांगा, निम्म्या वेळा तिथेच सूर बदलतो. पण दुसरी बाजूही ऐका. पीएमईजीपी म्हणून केंद्राची नवा धंदा काढायला कर्ज देणारी योजना आहे, तिला गावात २५ ते ३५ टक्के सबसिडी असते ना, लोक समजतात ती हातात येणार. ती ३ वर्षं बँकेतच लॉक असते. हे कळलं की अर्धे लोक दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. त्यांना धंदा नको होता, सबसिडी हवी होती.

स्क्रीन_बदलून_मिळेल
काका हे मात्र शंभर टक्के. आमच्या बॅचला ३० जण होते, त्यातले बरेच चांगलं जेवण म्हणून टिकले 😄 तसं जेवण चांगलं होतं पण. दादा, विश्वकर्मा योजना बघा तिच्यासाठी, १८ धंद्यांत दर्जी आहे, टूलकिटचे १५ हजार आणि पहिलं लोन १ लाखाचं ५ टक्क्याने. फक्त एका घरातून एकालाच मिळतं.

पादऱ्याची_सून
दादा जॉबवर्क म्हणून नाक मुरडू नका. दोन सीझन दुकानदाराच्या भावात शिवलं तेव्हा मला समजलं की खरी कमाई शिलाईत नाही, लेस आणि आभल्यात आहे. ते कुठल्या क्लासमध्ये सांगतात? आता लेस मी स्वतः आणते, सीझन नसतो तेव्हा पिको-फॉल आणि शाळेचे युनिफॉर्म. पोरीला माझ्याकडे पाठवा, येताना एक ब्लाऊज अस्तर लावून शिवून आणायला सांगा, आतली शिलाई बघेन आधी.

रावपुऱ्यातला_जुना
ताई, तिच्या आईला सांगितलं, रविवारी येतील दोघी. आभार. पण मंडळी, मुद्दा माझाच राहिला ना? काम ओळखीने मिळतंय, ट्रेनिंगने नाही.

बँकेतून_रिटायर
ओळख करून देणं हाच तर पाठपुरावा. तिला विचारा, वर्षभरात संस्थेतून कोणी आलं होतं का, फोन तरी?

रावपुऱ्यातला_जुना
विचारलं. एकदा फोन आला होता म्हणे. मशीनसमोर बसून फोटो काढून पाठव म्हणाले. तिने गोधड्या खाली ठेवल्या, फोटो काढला, पाठवला, परत वर ठेवल्या.