मदत हवी आहे: वडिलांकडचा कॅन्सर डॉक्टर धरतच नाहीत, जीन टेस्टचं काय करू?

मंडळी, वय ३४. आजी (बाबांची आई) स्तनाच्या कॅन्सरने ४२व्या वर्षी गेली. सख्ख्या आत्याला ४९व्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बरी आहे. तिला जीन टेस्ट करा असं तेव्हा कोणीच म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात मी बीआरसीए टेस्टची (स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यात चालत येणारा जीनमधला बदल शोधणारी टेस्ट) चौकशी करायला गेले. फॉर्मवर दोनच रकाने: आई आणि बहीण. आईला काही नाही, बहीण मला नाहीच. डॉक्टरांनी वरवर नजर टाकली आणि 'गरज नाही' म्हणून मोकळे झाले. आत्याचं सांगितलं तर म्हणाले, 'ते वडिलांकडचं ना?' आता बोला! निम्मे जीन्स बापाकडून येतात हे शाळेतच शिकवतात की.

माझ्या मैत्रिणीच्या घरात एका चुलत आजीला सत्तरीत कॅन्सर झाला, बाकी कोणाला नाही. तिची टेस्ट झालीसुद्धा. तिचा भाऊ डॉक्टर आहे, एवढाच फरक. आमच्याकडे बायकाच कमी, बाबांना एकच बहीण, त्यामुळे कागदावर सगळं छान दिसतं.

आत्या म्हणते, 'झालं ते झालं, आता कशाला उकरायचं?' बाबा म्हणतात, 'मी पुरुष, माझा काय संबंध?' मग आधी माझी करू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
डॉक्टरांचं चुकलं. बीआरसीए१ किंवा २ मधला बदल आईकडून येतो तसाच बापाकडून येतो, प्रत्येक मुलामागे शक्यता ५० टक्के. आणि ओव्हरीचा एपिथेलियल कॅन्सर (ओव्हरीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या बाईची टेस्ट वय, घरातला इतिहास काही न बघता करावी, अशाच मार्गदर्शक सूचना आहेत.

तुमची आधी नको, आत्याची करा. तिच्यात बदल सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधतात, मग तुमच्या 'नाही'ला अर्थ राहतो. आधी तुमची केली आणि काही निघालं नाही, तर घरात मुळात तो बदल होता की नव्हता हेच कळत नाही. कधीकधी 'व्हीयूएस' येतं, म्हणजे बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून लागलेला नसतो. त्यावरून ऑपरेशनबिपरेशन ठरवायचं नसतं.

बाबांना सांगा, बदल असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, विशेषतः बीआरसीए२ मध्ये. पुरुषांना स्तनाचा कॅन्सरही होतो.

त्या फॉर्मच्या नादी लागू नका. दोन्हीकडच्या तीन पिढ्या एका कागदावर मांडा: कोणाला, कुठला, कितव्या वर्षी. आत्याचा बायोप्सी रिपोर्ट जोडा आणि थेट जेनेटिक काउन्सेलर (घराण्यातल्या आजारांच्या धोक्याबद्दल आणि जीन टेस्टबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ) गाठा.

धागाकर्ती
धन्यवाद! काल आत्याला फोन केला. 'मला आता काय करायचंय टेस्टचं' इथूनच सुरुवात. म्हटलं, तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'रक्त किती काढतात?' एक-दोन नळ्या, म्हटलं, आणि काही ठिकाणी नुसती लाळही चालते. 'मग आधी नाही का सांगायचंस!' आता रिपोर्टची जुनी फाईल शोधतेय.